सात अष्टमांश इंच

कोलकात्याच्या नकाशात उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारे दोन रस्ते एकमेकांना जोडलेले दिसतात. वरचा आचार्य प्रफुल्लचंद्र रॉय यांच्या नावाचा, खालचा आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावाचा. इंग्रजी अमदानीत त्यांना अपर आणि लोअर सर्क्युलर रोड म्हणत. त्याच्याही आधी या बाजूला एक खंदक होता, आणि तो खणला गेला तो आपल्याच माणसांच्या धास्तीने. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, तेव्हा १७४२ साली शहराच्या रक्षणासाठी हा ‘मराठा डिच’ खणायला घेतला. तो शेवटपर्यंत पुरा झाला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बुजवायला लागले आणि त्याच्या जागी रस्ता आला.

ज्या दोघांची नावं पुढे या रस्त्यांना मिळाली ते प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवत. प्रफुल्लचंद्र रसायनशास्त्र, जगदीशचंद्र पदार्थविज्ञान. या दोघांनाही सायकल चालवायला शिकवली ती हेमेंद्रमोहन बोस यांनी, असं बंगालमध्ये सांगतात. ‘कुंतलीन’ या केशतेलामुळे घरोघर नाव झालेले हे उद्योजक. आज ज्याला महात्मा गांधी रोड म्हणतात त्या हॅरिसन रोडवर त्यांनी सायकलींचं दुकान काढलं होतं.

या तिघांची आठवण प्रकरणाच्या आरंभी काढायला कारण आहे. जुन्या रेसिंग सायकलचं हँडल थोडं वर आणायचं म्हटलं, की थोडं रसायनशास्त्र लागतं, थोडं पदार्थविज्ञान लागतं आणि उरलेलं काम हाताच्या सवयीचं असतं. शिवाय ते करता येतं याचं मूळही त्याच परंपरेत आहे. ज्या इंग्रजी घडणीच्या सायकली कोलकात्यात रुजल्या, त्यांच्या पुढच्या चिमट्याच्या नळीचं माप पुढे अनेक दशकं टिकून राहिलं: बाहेरून १ इंच, आतून सात अष्टमांश इंच. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीशी भागीदारी करून सुधीरकुमार सेन यांनी आसनसोलजवळ कन्यापूरला ‘सेन-रॅले’चा कारखाना काढला, तेव्हा हीच इंग्रजी घडण बंगालच्या मातीत उतरली. १९८० साली त्या कारखान्याचं राष्ट्रीयीकरण झालं, पुढे तो बंदही पडला. पण सात अष्टमांश इंच, म्हणजे २२.२ मि.मी., हे माप मेलं नाही. म्हणून आज तयार झालेला, कोन बदलता येणारा स्टेम पन्नास वर्षांपूर्वीच्या सायकलमध्ये सहज बसू शकतो.

हँडल खाली का असतं

स्टेम म्हणजे सायकलची मान. पुढच्या चिमट्याची नळी आणि हँडल यांना जोडणारा, इंग्रजी सातच्या आकड्यासारखा दिसणारा तुकडा. साध्या काळ्या सायकलला, जिचे ब्रेक सळयांनी ओढले जातात, तिथे मान आणि हँडल बहुधा एकच अंग असतं. रेसिंग सायकलला मात्र मान वेगळी आणि मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल वेगळं.

शर्यतीसाठी सायकल बांधणारा कारागीर हँडल मुद्दाम खाली आणि पुढे ठेवतो. वेग वाढला की पायांची ताकद प्रामुख्याने हवा कापण्यात खर्च होते. वाकून बसलेला माणूस हवेला कमी आडवा येतो. विशीतल्या, रोज सराव करणाऱ्या शरीराला ही बैठक मानवते. तीच सायकल वीस-तीस वर्षांनी माळ्यावरून खाली काढली, की सायकल आहे तशीच असते. कंबर, मान आणि मनगटं मात्र बदललेली असतात. पंधरा मिनिटांत मान अवघडते, तळव्यावर भार येतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, कारण त्या बोटांना संवेदना देणारी नस तळव्याच्या त्या कडेने जाते आणि हँडलवर नेमकी तीच दबते.

त्यात शहराची भर. कोलकात्यात सायकल हे शर्यतीचं साधन नाही. दूध, वर्तमानपत्रं, मासळी, भाजी, गॅसच्या टाक्या असा शहराचा संसार सायकलवरून फिरतो. तरीही २०१३ साली तिथल्या पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलींना मनाई केली. त्याविरुद्ध आवाज उठला, यादी आखडली आणि २०२०च्या टाळेबंदीनंतर काही रस्त्यांवर मुभा मिळाली. पण मोठ्या हमरस्त्यांवर ‘सायकल नको’ची पाटी आजही भेटते. मग सायकलस्वार गल्ल्यांत शिरतो. तिथे हातगाड्या असतात, रिक्षा असतात, मध्येच उघडणारी गाडीची दारं असतात, आणि ट्रामचे रूळ. विजेवरची ट्राम या शहरात १९०२ पासून आहे. जिथून ट्राम गेली तिथेही काही ठिकाणी रूळ रस्त्यात रुतलेले आहेत. अरुंद टायर रुळाच्या खाचेत गेला, की माणूस पडतोच. अशा रस्त्यावर डोळे वर हवेत, मान सहज मागे वळायला हवी आणि हात ब्रेकपाशी हवेत. हवा कापण्याची घाई इथे कुणालाच नसते.

म्हणजे हँडल वर आणि थोडं जवळ हवं. पण किती वर, किती जवळ? हे दुकानात उभं राहून कळत नाही. ते आठवडाभर सायकल चालवून कळतं. कोन बदलता येणाऱ्या स्टेमचा खरा उपयोग इथे आहे. तो नुसता आरामाचा सुटा भाग नाही. आपल्या शरीराचं माप काढण्याचं ते साधन आहे.

आधी सीट बघा

हँडलला हात लावण्यापूर्वी सीट तपासा, कारण हँडलच्या कितीतरी तक्रारी मुळात सीटच्या असतात. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. सीटचं टोक खाली झुकलेलं असेल तर अंग सतत पुढे घसरतं आणि तो भार हातांवर येतो. ते आधी सपाट करा. हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढे ओढण्याचा मोह मात्र टाळा. सीटची जागा गुडघ्यांच्या हिशोबाने ठरते. हातांसाठी ती हलवली, तर त्याची किंमत गुडघे मोजतात.

सीट जागेवर आली की दोन मापं वहीत लिहून ठेवा: सीटच्या टोकापासून हँडलच्या मधल्या दांड्यापर्यंतचं अंतर आणि जमिनीपासून त्या दांड्याची उंची. पुढचा सगळा हिशोब या दोन आकड्यांवर चालतो.

नळीतली पाचर

आता मान आत कशी धरली जाते ते पाहू. जुन्या सायकलमध्ये चिमट्याची नळी वर येते आणि तिच्या बाहेरच्या आट्यांवर दोन मोठ्या चकत्या बसतात. या चकत्या छऱ्यांना जागेवर ठेवतात. स्टेमचा दांडा या नळीच्या आत उतरतो. त्याच्या पोटातून एक लांब बोल्ट जातो आणि बोल्टच्या खालच्या टोकाला तिरकी कापलेली पाचर असते. वरून बोल्ट आवळला, की पाचर वर ओढली जाते, तिरक्या कापावरून बाजूला सरकते आणि दांडा नळीच्या भिंतीला घट्ट दाबला जातो. काही स्टेमना पाचरीऐवजी शंकू असतो. तो चिरलेल्या दांड्यात घुसून त्याला फुगवतो. लाकूडतोड्या ओंडक्यात पाचर ठोकतो, त्यातलंच हे तत्त्व.

या रचनेचा मोठा फायदा असा, की स्टेम काढला, बदलला, वरखाली केला तरी छऱ्यांना धक्का लागत नाही. १९९०च्या दशकापासून रूढ झालेल्या नव्या पद्धतीत हे उलट आहे. तिथे नळीला आटे नसतात. स्टेम नळीला बाहेरून मिठी मारतो आणि छऱ्यांचा ताणही तोच राखतो. तुमची सायकल कोणत्या जातीची, हे ओळखणं सोपं आहे. वर मोठी षटकोनी चकती आणि तिच्यातून बाहेर आलेला बारीक दांडा दिसला, तर ती जुनी पद्धत. स्टेमच्या मागच्या अंगाला आडवे बोल्ट आणि डोक्यावर टोपी दिसली, तर ती नवी. दोन्हींसाठी कोन बदलणारे स्टेम मिळतात, पण एकाचा दुसऱ्याला चालत नाही. जुन्या नळीत बसवून वर नव्या पद्धतीचा स्टेम धरणारा जोडदांडाही मिळतो. मात्र जोड वाढला, की आवळायच्या आणि लक्ष ठेवायच्या जागाही वाढतात.

कोन बदलणाऱ्या स्टेममध्ये दांडा आणि पुढचा हात यांच्यात बिजागरी असते. दोन्ही तुकड्यांवर बारीक दाते कोरलेले असतात. बोल्ट सैल केला की दाते सुटतात, हात वरखाली होतो. आवळला की दाते एकमेकांत बसतात. हातांचा भार या दातांनी पेलायचा असतो, आणि नुसता बोल्टचा दाब त्यांची जागा घेऊ शकत नाही. म्हणून दाते अर्धवट बसलेले असताना वरून बोल्ट कितीही आवळला, तरी ती पकड खोटी.

तीन मापं

खरेदीला जाण्यापूर्वी तीन मापं हातात हवीत.

पहिलं नळीच्या आतलं. बहुतेक जुन्या रेसिंग सायकलींना ते २२.२ मि.मी. असतं. पण जुन्या फ्रेंच सायकलींना २२.० असतं, आणि जाड भिंतीची नळी लावलेल्या काही स्वस्त सायकलींना त्याहूनही कमी. २२.० च्या नळीत २२.२ चा दांडा ठोकून बसवता येतो, आणि तीच खरी धोक्याची गोष्ट. ठोकून बसलेली वस्तू ठोकूनही निघत नाही. दांडा हाताने, फिरवत फिरवत आत जायला हवा.

दुसरं हँडलच्या मधल्या फुगीर भागाचं. इथे फसगत सर्वांत जास्त होते. साध्या आणि बऱ्याच जुन्या हँडलना ते २५.४ मि.मी. असतं, इटालियन वळणाच्या रेसिंग हँडलना २६.०, त्यातल्या काही जुन्यांना २६.४, आणि अलीकडच्या जाड हँडलना ३१.८. जुन्या नळीसाठीचे कोन बदलणारे स्टेम बहुतांशी २५.४ चे असतात. २६ चं हँडल २५.४ च्या पकडीत कोंबलं, तर पकडीचे ओठ नीट मिटत नाहीत आणि धातूवर नको तिथे ताण येतो. उलट २५.४ चं हँडल २६ च्या पकडीत धरलं, तर ब्रेक जोरात दाबताच ते गरकन फिरू शकतं.

व्हर्नियर कॅलिपर नसेल तर कागदाची पट्टी वापरा. ती दांड्याभोवती घट्ट गुंडाळा, जिथे टोक भेटतं तिथे टाचणीने टोचा, मग उलगडून मोजा. २५.४ चा परीघ ७९.८ मि.मी. भरतो, २६.० चा ८१.७, २६.४ चा ८२.९. हा फरक शाळेच्या पट्टीवरही कळतो. २२.० आणि २२.२ यांच्या परिघात मात्र जेमतेम ०.६ मिलिमीटरचा फरक आहे. तो कागदाला पेलत नाही. तिथे व्हर्नियरच हवा.

तिसरं माप दांड्याच्या लांबीचं. बहुतेक स्टेमच्या दांड्यावर एक आडवी खूण असते आणि ती बाहेर दिसता कामा नये. ही खूण नुसत्या सावधगिरीसाठी नाही. चिमट्याच्या नळीवर वरच्या बाजूला आटे कापलेले असतात, म्हणून तिथे भिंत पातळ असते. दांडा फार वर ठेवला, की पाचर नेमकी त्या पातळ भागात फुगते आणि नळीला चीर जाऊ शकते. पाचर आट्यांच्या खाली, जाड भिंतीत बसायला हवी. फार लांब दांड्याचा धोका वेगळा. काही चांगल्या चिमट्यांची नळी तळाकडे आतून जाड होत जाते. तिथे दांडा अडतो आणि पाचर तिरकी बसते.

कोलकात्यात लालबाजारजवळची बेंटिंक स्ट्रीट ही सायकलींच्या दुकानांची जुनी पेठ. तिथे किंवा आपल्या गावच्या दुकानात ‘स्टेम’ हा शब्द प्रत्येक मिस्त्रीच्या तोंडी असेलच असं नाही. शब्दावर विसंबू नका. जुना स्टेम काढून हातात घेऊन जा आणि नव्याचा दांडा त्याच्याशेजारी धरून बघा.

जुना स्टेम निघत नाही तेव्हा

आता तो जुना स्टेम काढायचा. वरचा बोल्ट तीन-चार फेरे सैल करा. पूर्ण काढू नका. बोल्टचं डोकं जेवढं वर येईल, तेवढ्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने एक नेमका टोला द्या. पाचर खाली सुटते. मग पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल डावी-उजवीकडे हलवत वर ओढा. ज्या सायकलची निगा राखली गेली आहे, तिचा स्टेम एवढ्यावर निघतो.

पण कोलकात्याची हवा दमट. मुंबई-कोकणातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. पावसाचं पाणी बोल्टच्या भोकातून आत झिरपतं, चालवणाऱ्याचा खारट घामही तिथेच ठिबकतो. नळी पोलादाची, दांडा बहुधा ॲल्युमिनियमचा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारट ओल: हा प्रफुल्लचंद्रांच्या विषयातला प्रश्न. अशा जोडीत ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याचा पांढरा ऑक्साइड तयार होतो. मूळ धातूपेक्षा त्याला जास्त जागा लागते, आणि नळीत ती मिळत नाही. म्हणून तो मधली फट गच्च भरून टाकतो. बाहेरून बघावं तर गंजाचा ठिपका नसतो आणि आत स्टेम जणू वितळवून जोडलेला.

इथे जोर करू नये. मोठा पाईप लावून पिळलं तर चिमट्याचे पाय वाकतात, आणि चिमटा गेला की सायकल गेली. पाचर मोकळी झाल्याची खात्री करा, मग सायकल उलटी करा. चिमट्याच्या नळीचं तोंड खालून उघडं असतं. तिथून पेनिट्रेटिंग ऑइल सोडा. वरूनही दांड्याभोवती सोडा. दिवसातून दोनदा, तीन-चार दिवस. मधून मधून हलके टोले द्या, म्हणजे तेलाला वाट मिळते.

तरीही हलला नाही, तर जगदीशचंद्रांच्या विषयाकडे वळायचं. तापवल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून जोड तापवून काम होत नाही. आतला दांडा उलट अधिकच आवळतो. पण थंड केल्यावर तोच दुप्पट आकसतो. मासळी बाजारातून बर्फ आणा, प्लास्टिकच्या पिशवीत भरून स्टेमभोवती अर्धा तास गुंडाळून ठेवा आणि लगेच हलवून बघा. आकसण्याचं माप अगदी सूक्ष्म असतं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. पण ऑक्साइडच्या पापुद्र्याला तडा जायला तेवढं पुरू शकतं, आणि तडा गेला की तेल आत शिरतं. यानेही जमलं नाही, तर मिस्त्रीकडे नेऊन स्टेम कापून काढावा. स्टेम परत मिळतो. चिमटा वाचवायचा असतो.

नवा बसवताना

नळीचं तोंड आतून चिंधीने स्वच्छ पुसा. नव्या दांड्याला, पाचरीला आणि बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा. ग्रीसने पकड निसटेल अशी शंका बऱ्याच जणांना येते. ती अनाठायी आहे: पकड पाचरीच्या दाबाची असते, आणि ग्रीस नसेल तर चार पावसाळ्यांनी वर सांगितलेली सगळी कथा पुन्हा घडते.

हँडल जुन्या स्टेममधून काढताना एक अडचण येते. जुन्या स्टेमची पकड बांगडीसारखी असते. तिच्यातून वळलेलं हँडल बाहेर काढायचं, तर एका बाजूची टेप उलगडावी लागते, ब्रेकची मूठ उतरवावी लागते. हे काम टळत नाही. नव्या स्टेमची पुढची पट्टी दोन किंवा चार बोल्टनी पूर्ण सुटणारी असेल असाच घ्या, म्हणजे पुढच्या वेळी ही उस्तवार नको. पट्टीचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा, आणि वर-खालची फट सारखी राहील हे बघा.

किती आवळायचं ते बहुधा स्टेमवरच न्यूटन-मीटरमध्ये छापलेलं असतं. समजा आकडा ५ आहे. १० से.मी. लांबीच्या किल्लीच्या टोकावर साधारण ५ किलोचा दाब, म्हणजे ५ न्यूटन-मीटर. पाच किलोंची तांदळाची पिशवी उचलताना हाताला जेवढं जाणवतं तेवढंच. दांड्याच्या लांब बोल्टला याहून जास्त लागतं, बिजागरीच्या बोल्टला त्याचा स्वतःचा आकडा असतो. सगळे बोल्ट एकाच जोराने आवळणं ही नवख्याची चूक.

आता ब्रेकच्या वायर. हँडल पाच-सहा से.मी. वर गेलं, की जुन्या वायर तोकड्या पडतात. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. वळवताना ब्रेक आपोआप लागत असेल किंवा वायरचं आवरण ताणलं जात असेल, तर आतली वायर आणि आवरण दोन्ही नवीन, लांब घाला. हा खर्च किरकोळ आहे आणि तो टाळणं जिवावर बेतू शकतं. ज्या सायकलचे ब्रेक सळयांचे आहेत, तिच्यावर मात्र हा प्रयोग करूच नका. सळयांची लांबी आणि हँडलची जागा तिथे एकमेकांशी बांधलेली असते.

शेवटी दोन परीक्षा. पुढचं चाक गुडघ्यांत घट्ट धरून हँडल दोन्ही हातांनी पिळा; बेताच्या जोराला ते हलता कामा नये. मग हँडलच्या दोन्ही टोकांवर अंगाचा भार टाका. बिजागरी किंचितही खचता कामा नये, करकर वाजता कामा नये. या दोन्हींत उतरल्याशिवाय सायकल रस्त्यावर नेऊ नका.

कोनाचा हिशोब

स्टेमचा पुढचा हात ९० मि.मी. लांब आहे असं धरू. तो आडवा असताना हँडल ९० मि.मी. पुढे असतं. ३० अंश वर उचलला, की हँडल ४५ मि.मी. वर जातं आणि १२ मि.मी. जवळ येतं. ४५ अंशांवर ते ६४ मि.मी. वर आणि २६ मि.मी. जवळ. ६० अंशांवर ७८ मि.मी. वर आणि चक्क ४५ मि.मी. जवळ. म्हणजे पहिल्या ३० अंशांत उंची भराभर मिळते आणि अंतर फारसं घटत नाही. पुढच्या ३० अंशांत उंचीची मिळकत मंदावते आणि अंतर वेगाने कमी होतं. शेवटच्या अंशांचा मोह धरू नये तो यासाठी. हँडल फार जवळ आलं की अंगाचा भार मागे जातो, पुढचं चाक हलकं होतं आणि वळताना सायकल बुजऱ्या घोड्यासारखी वागते.

दांडाच वर ओढला तर हिशोब वेगळा. रेसिंग सायकलची पुढची नळी साधारण ७३ अंशांत मागे कललेली असते. दांडा २० मि.मी. वर काढला, तर हँडल जवळपास १९ मि.मी. वर जातं आणि अवघं ६ मि.मी. मागे येतं. उंची थोडीच हवी असेल आणि खूण बाहेर येत नसेल, तर जुना स्टेम वर ओढणंच पुरेसं असतं. नवा घ्यायची गरजच नाही.

कोन बदलला की हँडलही तेवढंच फिरतं आणि ब्रेकच्या मुठी आकाशाकडे बघू लागतात. म्हणून दर वेळी पट्टी सैल करून हँडल पूर्वीच्या कलावर आणायचं. सुरुवात ३० अंशांपासून करा. आठवडाभर चालवा. मान, तळवे, कंबर यांना काय वाटतं ते त्या वहीत लिहा. मग एका वेळी एकच बदल, दाते मोजून. सीट आणि हँडल एकाच दिवशी हलवलं, तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळणार नाही. बोटांचा बधिरपणा मात्र हे सगळं करूनही राहिला, तर सायकलच्या नादी न लागता डॉक्टरांना दाखवा.

निकाल

कोन बदलणाऱ्या स्टेमच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तो साध्या स्टेमपेक्षा जड असतो. बिजागरी हा जादा सांधा आहे, आणि ओल्या हवेत जादा सांधा म्हणजे जादा देखभाल. पहिल्या तीसेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा, नंतर महिन्यातून एकदा. करकर ऐकू आली तर ती तक्रार समजा. सायकल थांबवा, दाते पुसा, ग्रीस लावा, पुन्हा आवळा. दाते झिजलेले किंवा तुटलेले दिसले, तर तो स्टेम टाकून द्या. उभं राहून, हँडल ओढत पेडल मारण्याची सवय असेल, तर हा स्टेम तुमच्यासाठी नाही. आणि बाजाराची थैली हँडलला लटकवू नका; तिची जागा मागच्या कॅरिअरवर आहे.

माझं मत असं. दोन-तीन महिन्यांत तुमचं शरीर एका कोनावर स्थिरावेल. तेव्हा वहीतली दोन मापं पुन्हा घ्या: सीटपासून हँडल किती दूर, जमिनीपासून किती उंच. शांतपणे, कमी अंतर चालवणाऱ्याने हाच स्टेम ठेवला तरी चालेल. रोज लांब जाणाऱ्याने मात्र त्या मापाचा, बिजागरी नसलेला, २२.२ मि.मी.चा उंच स्टेम शोधावा आणि कोन बदलणारा काढून जपून ठेवावा. शेजारच्या कुणाच्या तरी माळ्यावर अशीच एक जुनी सायकल असेल. तिचंही माप काढायचं आहे.

पोलादाची जुनी सायकल क्वचितच सायकलच्या दोषाने माळ्यावर जाते. बहुतेक वेळा तिचं आणि मालकाचं माप जुळेनासं होतं, एवढंच. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी कागदाची एक पट्टी घ्या आणि हँडलभोवती गुंडाळून बघा.